ठिबकातलं क्लोरीन आणि काकडीच्या मुळांवरच्या गाठी

प्रश्न : नमस्कार. जुन्नर तालुक्यात आमचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. पूर्वी गादीवाफ्यावर ढोबळी मिरची घ्यायचो. मातीत सूत्रकृमी (मुळांत शिरून गाठी करणारे, डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी) फार झाले म्हणून माती सोडून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, ग्रोबॅगवर आलो. आता सीडलेस काकडी आहे आणि एका बाजूला पाइपमधल्या वाहत्या पाण्यावर थोडं लेट्यूस. पाणी विहिरीचं, शेततळ्यात साठवून वापरतो. बॅगांतून निचरणारं पाणी टाकीत गोळा करून परत ठिबकला देतो. लागवडीला सहा आठवडे झाले. दुपारी वेल मान टाकायला लागले म्हणून एक बॅग फाडून पाहिली, तर मुळांवर पुन्हा त्याच गाठी. कृषी सेवा केंद्रात सांगितलं की सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) 5 पीपीएमने, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात पाच भाग, सोडा, पाण्यातले सगळे सूत्रकृमी मरतात. दिरांनी कुठेतरी 50 पीपीएम ऐकलं होतं, त्यांनी खताच्या टाकीतच तेवढं ओतलं. चार दिवसांत शेंड्याची पानं पिवळी पडली, कडा करपल्या आणि गाठी आहेत तशाच. नक्की किती पीपीएमला सूत्रकृमी मरतात? पीक न जळता तो डोस कसा द्यायचा?
— एक शेतकरी, जुन्नर तालुका

ताई, कारणांकडे नंतर वळू. आधी आज संध्याकाळपर्यंत काय करायचं ते सांगतो. हायपोक्लोराइट बंद करा. निचऱ्याचं पाणी परत फिरवणंही आजच बंद करा. खताची टाकी रिकामी करून धुवा, बॅगांतून दोन पाळ्या साधं पाणी सोडा, त्याचा सामू (पीएच) सहाच्या आसपास ठेवा, आणि मग नवं द्रावण नेहमीपेक्षा कमी ईसीचं, म्हणजे कमी खतक्षारांचं, करून द्या. त्यात चिलेटेड लोह (मुळांना घेता यावं म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेलं लोह) नव्याने घाला. अर्धी मुळं निकामी झालेल्या वेलाला जोरकस खत सोसत नाही. पाळ्या छोट्या ठेवा, पण जास्त वेळा द्या. दुपारी शेडनेट ओढा.

आता तुमचा प्रश्न. पीक उभं असताना सूत्रकृमींना मारेल आणि वेलाला इजा करणार नाही, असा क्लोरीनचा डोस नाही. 5 पीपीएम नाही, 50 नाही आणि मधला कुठला आकडाही नाही. हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो, ते नीट समजून घ्या. उद्या दुसरा कोणी दुसरा आकडा घेऊन येईल, तेव्हा तुम्हाला स्वतःला त्याला उत्तर देता यायला हवं.

सूत्रकृमींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत एक रोजची पद्धत आहे. हसी आणि बार्कर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ती 1973 मध्ये मांडली आणि आजही जगभर वापरली जाते. गाठी आलेली मुळं कापून बाटलीत घालायची, त्यावर अर्धा ते एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओतायचं, चार मिनिटांपर्यंत हलवायचं, मग बारीक चाळणीवर भरपूर पाण्याने धुवायचं. चाळणीवर उरतात ती सूत्रकृमींची अंडी. ही अंडी जिवंत असतात, आणि हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच असतो. तीच अंडी पुढे कुंडीतल्या टोमॅटोला घालून रोग मुद्दाम तयार करतात, म्हणजे औषधं आणि वाण तपासता येतात. अर्धा टक्का म्हणजे 5,000 पीपीएम. तुम्हाला सांगितलेल्या डोसच्या हजारपट. एवढ्या क्लोरीनमध्ये काही मिनिटं राहूनही बरीचशी अंडी फुटण्याजोगी राहतात. जास्त वेळ ठेवली तर मरतात, म्हणूनच तिथे धुण्याची घाई करतात. पण तुमच्या ठिबकमध्ये 5,000 पीपीएम कधीच नसणार, आणि असलं तर काकडीचं काही शिल्लक राहणार नाही.

अंडी इतकी चिवट का, तर त्यांचं कवच तीन थरांचं असतं. मधला थर कायटिनचा आणि आतला स्निग्ध पदार्थाचा. बाहेरचं काही आत झिरपू न देणं हेच त्या आतल्या थराचं काम. त्यातही ही अंडी पाण्यात सुटी फिरत नसतात. मादी मुळातच राहते आणि चिकट जेलीच्या गोळ्यात शेकड्यांनी अंडी घालते. तो गोळा गाठीच्या पृष्ठभागावर किंवा सालीखाली असतो. क्लोरीनची गाठ आधी त्या जेलीशी आणि मुळाच्या पेशींशी पडते, आणि तिथेच ते संपतं.

अंड्यातून बाहेर पडून नव्या मुळाच्या शोधात निघालेलं पिल्लू तुलनेने नाजूक. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत, जाडी साधारण 15 मायक्रॉन. पाण्यातून एका बॅगेतून दुसऱ्या बॅगेत जातं ते हेच. क्लोरीनने ते मरू शकतं, पण त्यालाही जिवाणूंपेक्षा कितीतरी जास्त डोस आणि जास्त वेळ लागतो. 1960 च्या सुमारास अमेरिकेत पिण्याच्या पाण्याचे अभ्यास झाले. क्लोरीन देऊन शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यातही मातीतले निरुपद्रवी सूत्रकृमी जिवंत सापडत. त्यांच्या पोटात गेलेले जिवाणूसुद्धा क्लोरीनपासून वाचत. तेव्हा ‘माणसाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात, मग आपल्याही पाण्यात टाकू’ हा हिशोब इथे लागू पडत नाही.

दिरांच्या 50 पीपीएमचं काय झालं तेही पाहू. तुम्ही लिहिलेली लक्षणं त्याच्याशी नेमकी जुळतात.

क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतं. एक हायपोक्लोरस आम्ल, हे मारणारं. दुसरं हायपोक्लोराइट, हे त्यामानाने फार दुबळं. कोणतं किती, हे सामू ठरवतो. सामू 6.5 असेल तर सुमारे नव्वद टक्के क्लोरीन मारणाऱ्या रूपात असतं, 7.5 ला निम्मं, 8.5 ला जेमतेम दहा टक्के. आपल्याकडच्या विहिरी-बोअरचं पाणी बहुतेक वेळा साडेसातच्या पुढेच असतं, आणि सोडियम हायपोक्लोराइट स्वतः अल्कधर्मी असल्याने सामू आणखी वर ढकलतं. म्हणून ‘इतके पीपीएम’ हा आकडा सामू सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

मग येते खताची टाकी. कॅल्शियम नायट्रेटच्या पिशवीवर नीट वाचलंत तर त्यात थोडा अमोनिकल नत्र दिसेल. 12-61-0 मध्ये तर सगळा नत्र अमोनिकलच. क्लोरीन अमोनियमला भेटताच क्लोरामाइन तयार होतं. क्लोरामाइन जंतूंवर सौम्य असलं तरी पाण्यात जास्त टिकतं आणि पाण्यावर वाढणाऱ्या मुळांना अगदी थोड्या प्रमाणातही पोळतं. शेंडा पिवळा पडण्याचं कारण आणखी वेगळं. क्लोरीन चिलेट मोडतं, त्यामुळे द्रावणातलं लोह मुळांना मिळेनासं होतं. मॅंगनीजही तसंच वाया जातं. लोह कमी पडलं की आधी नवी पानं पिवळी पडतात, आणि तुम्ही शेंड्याचीच पानं म्हणालात. कडा करपल्या त्या पोळलेल्या मुळांमुळे आणि वाढलेल्या क्षारांमुळे. म्हणजे ते 50 पीपीएम खत, मुळं आणि कोकोपीटमधला सेंद्रिय भाग यांच्यावरच खर्च झालं. गाठींपर्यंत त्यातलं फारसं काही पोहोचलंच नाही.

यातला एक धोका तुमच्या पत्रात नाही, पण ठिबकवाल्या पॉलिहाऊसमध्ये मला तो सतत दिसतो. आपण लॅटरल (ठिबकच्या बारीक नळ्या) साफ करायला आम्ल सोडतो आणि शेवाळासाठी क्लोरीन. या दोन गोष्टी कधीही एकाच टाकीत, एकाच व्हेंच्युरीतून (खत ओढून ठिबकमध्ये सोडणाऱ्या नळीतून), एकामागून एक न धुता द्यायच्या नाहीत. घट्ट आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद पंपघरात तो माणसाचा जीव घेतो. युरिया किंवा अमोनियमच्या खतांशी घट्ट हायपोक्लोराइट मिसळलं तर स्फोटक संयुगं तयार होऊ शकतात. टीसीएल पावडर आणि पोहण्याच्या तलावाच्या क्लोरीन गोळ्या एकाच डब्यात ठेवू नका. पॉलिहाऊसमध्ये कामाला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, दिरांनाही.

मग क्लोरीन काहीच कामाचं नाही का? आहे, पण त्याचं काम वेगळं. लॅटरलमध्ये शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर जमू न देणं, आणि पिथियम, फायटोप्थोरा या मूळकुज करणाऱ्या रोगांचे पाण्यात पोहणारे बीजाणू मारणं, ही दोन कामं क्लोरीन चोख करतं. त्या बीजाणूंना 2 पीपीएम मोकळं क्लोरीन (क्लोरामाइन न झालेलं) काही मिनिटं मिळालं तरी पुरतं. म्हणून साध्या, खत न घातलेल्या पाण्यात, शेवटच्या ड्रीपरपाशी 1 ते 2 पीपीएम मिळेल इतकंच क्लोरीन ठेवायची शिफारस असते. लेट्यूससारख्या नुसत्या पाण्यात लोंबणाऱ्या मुळांना तेवढंही देऊ नका. तिथे खत घालण्याआधीच्या कच्च्या पाण्यावर प्रक्रिया करायची आणि क्लोरीन उडून गेल्यावरच ते पाणी वापरायचं.

हिशोब असा. दहा टक्क्यांचं ताजं हायपोक्लोराइट 100 मिली, पाणी 5,000 लिटर, म्हणजे 2 पीपीएम. पण ते कॅन उन्हात पडलेलं असेल, दोन उन्हाळे पाहिलेलं असेल, तर लेबलवर दहा असलं तरी आत पाचही नसेल. टीसीएलचंही तसंच. ताज्या पावडरीत क्लोरीन तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतं, ओलसर गोणीत फार कमी. शिवाय तिचा चुना ड्रीपरमध्ये बसतो, म्हणून ठिबकसाठी टीसीएल नकोच. मोजल्याशिवाय तर काहीच सोडू नका. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात, पाणी पिवळं होतं ती. ती टेस्ट एकूण क्लोरीन दाखवते, त्यात क्लोरामाइनही धरलं जातं. तुम्हाला मोकळं क्लोरीन वेगळं कळायला हवं. त्यासाठी गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या आणि शेवटच्या लॅटरलच्या टोकाचं पाणी तपासा.

खरा प्रश्न वेगळाच आहे. माती सोडली तरी सूत्रकृमी आले कुठून? तुमच्याकडे चार वाटा दिसतात : शेततळं, रोपं, जुन्या गादीवाफ्यांची माती आणि निचऱ्याची टाकी.

सगळ्यात मोठी वाट निचऱ्याची. एखाद्या रोपाबरोबर दोन-चार माद्या आल्या, तरी पॉलिहाऊसच्या उबेत महिन्याभराच्या आत त्यांची पुढची पिढी तयार होते. ती पिल्लं निचऱ्याबरोबर टाकीत येतात आणि पंप त्यांना शेवटच्या बॅगेपर्यंत पोहोचवतो. मातीत एका हंगामात सूत्रकृमी स्वतःहून फार तर मीटरभर सरकतो. फिरत्या पाण्यात त्याला ठिबक घरपोच नेऊन सोडतं. सहा आठवड्यांत वेल मान टाकतात, याचा माझ्या मते हाच अर्थ. डिस्क फिल्टरवर विसंबू नका. आपल्याकडचा नेहमीचा फिल्टर 130 मायक्रॉनचा, पिल्लू 15 मायक्रॉनचं. सॅण्ड फिल्टरमधूनही बरीच निसटतात. त्यांना अडवायला पाच मायक्रॉनच्या आसपासचं गाळण लागतं, आणि ते चोंदू नये म्हणून त्याआधी दोन-तीन टप्प्यांची गाळणी. दहा गुंठ्यांना हा खर्च परवडेल का, हे कागदावर मांडून पाहा. परवडत नसेल तर निचरा परत न वापरणं हाच शहाणा मार्ग. खताचं नुकसान सोसा. फक्त ते पाणी टोमॅटो, वांगी, भेंडी, डाळिंब, पेरूच्या रानात सोडू नका, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर नकोच. नाहीतर पॉलिहाऊसमधला रोग बाहेरच्या शेतात जाईल.

दुसरी वाट शेततळं. पाण्याबरोबर सूत्रकृमी दूरवर जातात हे जुनं ज्ञान आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पाटबंधाऱ्याच्या कालव्यांत पिकांना लागणारे सूत्रकृमी मोठ्या संख्येने वाहत असल्याचं नोंदलं गेलं. तुमच्या शेततळ्यात पावसाचं पाणी शेजारच्या रानातून वाहून येत असेल तर तसंच होतं. मात्र पाण्यात त्यांची एक मोठी उणीव आहे. त्यांना पोहता येत नाही. ते वळवळतात, पण पाण्यापेक्षा जड असल्याने स्थिर पाण्यात तळाला जातात. तुमच्या शेततळ्याचा सक्शन पाइप बहुतेक तळाशी टेकलेला असेल. तो आधी वर घ्या. एका ड्रमला बांधून पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर तरंगता ठेवा, म्हणजे वरचं शेवाळही येणार नाही आणि खालचा गाळही. शेततळं आणि पॉलिहाऊस यांच्यामध्ये एक साठवण टाकी असेल तर पाणी तिथे दीड-दोन दिवस हलू न देता राहू द्या, तळाचं फूटभर पाणी कधीच पिकाला देऊ नका, आणि टाकी वेळोवेळी तळापर्यंत रिकामी करून घासा. शेततळ्याच्या कडेने बांध घालून बाहेरचं पाणी आत येणं थांबवा. या कामांना पैसे फारसे लागत नाहीत, आणि क्लोरीनच्या कुठल्याही कॅनपेक्षा ती जास्त उपयोगी आहेत.

क्लोरीन वापरायचंच असेल तर त्याची जागा ही मधली टाकी. खत नसलेलं, गाळलेलं, सामू साडेसहाच्या जवळ आणलेलं पाणी, त्यात क्लोरीन, आणि मग कित्येक तासांचा संपर्क. पाणी पिकाकडे जाण्याआधी क्लोरीन शून्यावर आलंय हे किटने पाहायचं. उघड्या टाकीत ऊन आणि हवा मिळाली तर ते एक-दोन दिवसांत बरंचसं उडतं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट घालतात, एका ग्रॅम क्लोरीनला सुमारे सात ग्रॅम. एवढं करूनही सुटी पिल्लं मरतील, मुळाच्या तुकड्यात किंवा जेलीत दडलेली अंडी सुटतील. म्हणून हे शेवटचं कुंपण समजा. त्याच्या आधी पाणी स्थिरावणं आणि गाळणं झालेलं असलं पाहिजे.

पाणी दोषी की रोपं दोषी, हे अंदाजाने ठरवू नका. घरीच तपासा. थोड्या नव्या कोकोपीटवर उकळतं पाणी ओतून ते थंड होऊ द्या आणि सहा-सात कुंड्यांत भरा. त्यात टोमॅटोचं बी टाका. रोपवाटिकेतलं रोप नको. टोमॅटोचा वाण सूत्रकृमीला प्रतिकारक नसलेला घ्या. दोन कुंड्यांना शेततळ्याच्या तळचं गढूळ पाणी द्या, दोन कुंड्यांना निचऱ्याच्या टाकीतलं, उरलेल्यांना उकळून गार केलेलं. कुंड्या एकमेकींपासून दूर ठेवा, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. सहा आठवड्यांनी रोपं उपसून बादलीत हलक्या हाताने धुवा. ज्या कुंडीत गाठी, ते पाणी दोषी. आणि गाठ कुठल्याच कुंडीत नसेल तर रोपवाटिका आणि जुनी माती यांच्याकडे पाहायचं.

गाठ सूत्रकृमीचीच आहे ना, याचीही खात्री करून घ्या. ही गाठ मुळाचाच फुगलेला भाग असते. नखाने खरवडली तर वेगळी होत नाही. ताजी गाठ ब्लेडने आडवी चिरा आणि भिंगाखाली धरा. आत टाचणीच्या टोकाएवढा पांढरा, चकचकीत, नासपतीच्या आकाराचा ठिपका दिसला तर ती मादी. बाहेरच्या अंगाला तपकिरी जेलीचा थेंब दिसला तर ती अंडी. मुळं गाठींशिवाय नुसती तपकिरी झाली असतील आणि वरची साल चिमटीत धरून ओढल्यावर मोज्यासारखी निघून येत असेल, तर तो पिथियमचा रोग. लेट्यूसची मुळं याच नजरेने पाहा. तिथे पिथियम असेल तर वर सांगितलेलं कच्च्या पाण्यातलं क्लोरीन नक्की उपयोगी पडेल.

रोपांच्या बाबतीत मी कठोर आहे. गाडी दारात आली की प्रत्येक ट्रेमधली चार-पाच रोपं उपसून मुळं पाण्यात धुवून पाहायची आणि एक गाठ दिसली तरी अख्खा लॉट परत पाठवायचा. शेजारीपाजारी काय म्हणतील याचा विचार करू नका. काकडीत या सूत्रकृमीला प्रतिकारक वाण बाजारात मिळत नाही, हे लक्षात ठेवा. 1855 मध्ये इंग्लंडमध्ये बर्कले यांनी या गाठींची पहिली नोंद केली तीसुद्धा काचघरातल्या काकडीच्या मुळांवर. काकडी ही त्याची आवडती जागा आहे. टोमॅटोत प्रतिकारक वाण आहेत, पण मुळांजवळचं तापमान 28 अंशांच्या वर गेलं की त्यांचा प्रतिकार ढिला पडतो आणि आपल्या पॉलिहाऊसमध्ये ते सहज जातं.

उभ्या पिकाचं काय? काकडीची तोडणी एक दिवसाआड असते, त्यामुळे रासायनिक सूत्रकृमीनाशकाचा काढणीपूर्व कालावधी (औषध दिल्यापासून तोडणीपर्यंत थांबायचे दिवस) पाळणं अवघड आहे. ज्याच्या लेबलवर काकडी छापलेली नाही ते औषध दुकानदार कितीही म्हणाला तरी घेऊ नका. जैविकांपैकी पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी, जिला जुन्या पाकिटांवर पॅसिलोमायसिस म्हणतात, इथे खास उपयोगाची. क्लोरीन जिथे अडतं ते अंड्याचं कवच ही बुरशी स्वतःच्या विकरांनी (एन्झाइमांनी) पोखरते आणि आत शिरते. पण क्लोरीन तिलाही मारतं. हायपोक्लोराइट आणि ही बुरशी, किंवा ट्रायकोडर्मा ही दुसरी मित्रबुरशी, एकाच ठिबकमधून आलटून पालटून देणारे शेतकरी दोन्हींचे पैसे पाण्यात घालतात. बुरशी सोडायच्या आधी किटने शून्य क्लोरीन पाहा. आणि तिच्याकडून लगेच फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. या पिकात तिचा उपयोग प्रादुर्भाव वाढू न देण्यापुरता. उत्पन्न निघतंय तोवर तोडणी करा आणि ज्या आठवड्यात हिशोब तोट्यात जाईल त्याच आठवड्यात पीक काढा. वेल नुसते उभे राहिले तर रोज नवी अंडी तयार होत राहतात.

पीक काढल्यावर मात्र क्लोरीन घट्ट वापरता येतं, कारण तेव्हा पोळायला मुळंच नसतात. क्रम महत्त्वाचा आहे. वेल बॅगेतल्या मुळांसकट काढा, बाहेर उन्हात वाळवा आणि जाळा. कंपोस्टच्या खड्ड्यात नको. पाइप, टाकी, नाल्या, ट्रे आधी साबणाच्या पाण्याने घासा, मुळाचा तंतूही राहता कामा नये. त्यानंतर अर्ध्या टक्क्याचं हायपोक्लोराइट, म्हणजे दहा टक्क्यांचं एक लिटर आणि पाणी एकोणीस लिटर, अर्धा तास भिजत ठेवा, मग भरपूर धुवा. न घासता नुसतं ओतलंत तर क्लोरीन घाणीवरच संपेल. लोखंडी सांगाड्यावर आणि पितळी फिटिंगवर सांडू देऊ नका, गंज चढतो. हातमोजे आणि चष्मा घाला, दारं उघडी ठेवा. सिल्व्हर हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दलही कोणी विचारलं तर त्यालाही हाच नियम : आधी घासणं, मग औषध.

कोकोपीट मात्र क्लोरीनने निर्जंतुक होत नाही. ते स्वतःच सेंद्रिय असल्याने सगळं क्लोरीन शोषून घेतं. तिथे उष्णताच हवी. मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची अंडी आणि पिल्लं 42 अंशांत साधारण अर्ध्या दिवसात मरतात, त्याहून जास्त तापमानात फार लवकर. एप्रिल-मेमध्ये बंद पॉलिहाऊसमध्ये हे सहज साधतं. बॅगांतलं कोकोपीट ओलं करून वीतभर जाडीचा थर पसरा, पारदर्शक प्लास्टिकने झाका, कडा दाबून टाका आणि चार-सहा आठवडे तसंच ठेवा. ओलं असणं गरजेचं आहे, कारण कोरड्या थरात उष्णता आतपर्यंत जात नाही आणि अंडी कोरडेपणात तग धरतात. थराच्या मध्यात तापमापी खुपसून दुपारचे आकडे वहीत लिहा, आणि मधून मधून थर उलटा. हिवाळ्यात पीक बदलत असाल तर या बॅगा परत वापरू नका, नवं कोकोपीट आणा. जुन्या गादीवाफ्यांवर वीडमॅट अंथरा, बॅगा विटांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवा, निचऱ्याचं टोक मातीला टेकू देऊ नका, आणि पॉलिहाऊसच्या चपला दारातच वेगळ्या करा. लेट्यूसची पाण्याची टाकी काकडीपासून पूर्ण वेगळी करा.

एक नमुना महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी इथल्या सूत्रकृमी प्रकल्पाकडेही पाठवा. कोणती जात आहे हे तिथे सूक्ष्मदर्शकाखाली कळेल आणि पुढचं पीक निवडताना त्याचा उपयोग होईल. चार-पाच बॅगांतली मुळं, थोडं ओलसर कोकोपीट, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. उन्हात ठेवू नका, फ्रीझरमध्येही नको, शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा. सोबतच्या चिठ्ठीवर पीक, वाण, लागवडीची तारीख, पाणी कुठलं हे लिहा, आणि हायपोक्लोराइट कधी, किती आणि कशातून दिलं होतं तेही लिहा.